तक्ता काढा, मग अण्णांशी बोला

पत्र

मॅडम, नमस्कार.

मी चौतीस वर्षांची. तीन महिन्यांपूर्वी एका नागरी सहकारी बँकेच्या सोलापुरातल्या पूर्व भागातल्या शाखेत शाखाधिकारी म्हणून आले. आमच्या बँकेने यंदा मोबाइल अ‍ॅप आणि यूपीआय सुरू केलंय. मुख्य कार्यालयाने प्रत्येकाला आठवड्याला दहा ग्राहक जोडायचं टार्गेट दिलंय, आणि कुणी किती केले याचा तक्ता शाखेत भिंतीवर लावायला सांगितलाय. आमच्या हेड कॅशियरच्या नावापुढे (सगळे त्यांना अण्णा म्हणतात) तीन महिने शून्यच आहे. कुणी विचारलंच तर म्हणतात, ‘कशाला पाहिजे ते, इथं या की, मी हाय ना.’ परवा एका बाईंना माझ्यासमोर सांगितलं, ‘मोबाईलमध्ये घेतलं की पैसे जातात.’ याउलट एक पंचविशीतला क्लार्क आहे. त्याने एकट्याने ऐंशी केले. ग्राहकाचा फोन घेतो आणि दोन मिनिटांत सगळं करून हातात देतो. अण्णांच्या निवृत्तीला चौदा महिने आहेत. त्यांची वर तक्रार करू, बदली मागू, की जाईपर्यंत सोडून देऊ? त्यांच्यामुळे बाकीच्या स्टाफचाही सूर बिघडतोय.

— एक शाखाधिकारी, सोलापूर

उत्तर

तक्रार करू नका, बदलीही मागू नका. निदान हे उत्तर वाचून होईपर्यंत तरी नको.

तुमच्या पत्रातल्या ज्या माणसाची मला काळजी वाटली तो अण्णा नाहीत, तुमचा ऐंशीवाला आहे. त्याच्याकडे नंतर येते.

मी १९८४ साली सोलापुरातल्याच एका शाखेत क्लार्क म्हणून लागले. आदल्याच वर्षी बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रांबद्दल करार झाला होता, आणि मी लागले त्या वर्षी रंगराजन समितीचा अहवाल आला. संगणक कुठे, किती, कसे आणायचे याचा तो अहवाल. कागदावर सगळं ठरलं होतं, पण आमच्या शाखेत लेजर पोस्टिंग मशीन, म्हणजे खातेवहीतल्या नोंदी करणारं यंत्र, यायला नव्वदी उजाडली. ते यायच्या आधी गेटवर घोषणा झाल्या, त्यात माझाही आवाज होता. मशीन आलं की माणसं जाणार, असं आम्ही ओरडत होतो. खरं सांगू का, माझी नोकरी कायम होती आणि ती जाणार नाही हे मला पक्कं माहीत होतं. मला वेगळंच टोचत होतं. लेजरमध्ये माझं अक्षर होतं. चुकलं तर इन्स्पेक्शनवाला लाल शाईने गोल करायचा आणि मी त्या गोलाकडे बोट दाखवून सांगू शकायचे, हे असं झालं, त्या दिवशी क्लिअरिंग उशिरा आलं होतं. मशीनच्या पोटात गेलेली चूक मला दिसणार नव्हती. सही मात्र माझीच लागणार होती.

म्हणून मी एक वही घातली. शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याची. चाळीस मोठ्या करंट खात्यांची शिल्लक रोज संध्याकाळी हाताने उतरवायची आणि मशीनच्या छापील कागदाशी ताडून बघायची. कुणी सांगितलं नव्हतं. शाखाधिकाऱ्यांना माहीत होतं, ते काही बोलले नाहीत. त्याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे. एकदा ३२० रुपयांचा फरक आला. रात्री साडेआठपर्यंत बसलो. चूक वहीत निघाली. दुसऱ्या दिवशी मी वही लिहिलीच! असं जवळजवळ दोन वर्षं चाललं.

तर अण्णांना मशीन कळत नाही, वय झालं, बदल नको असतो, असलं काही माझ्यापाशी बोलू नका. अण्णा स्वतः यूपीआय वापरतात की नाही, हे तुमच्या पत्रात नाही. माझी पैज आहे, वापरत असणार. सोलापूरच्या घराघरातली पोरं पुण्यात नोकरीला आहेत, अण्णांचा मुलगाही असेल, आणि त्याने घरी पाठवलेले पैसे फोनवरच येत असतील. वापरतात आणि ग्राहकाला नको म्हणतात, असं असेल तर गोष्टच वेगळी होते.

या विषयावर अभ्यास भरपूर झालेत. १९८९ मध्ये फ्रेड डेव्हिस यांनी मांडलं की नवं तंत्र माणूस घेईल की नाही हे दोन गोष्टींवरून ठरतं: ते आपल्या उपयोगाचं वाटतं का, आणि वापरायला सोपं वाटतं का. २००३ मध्ये वेंकटेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात भर घातली, आसपासच्या वजनदार माणसांचं मत काय आहे आणि अडलं तर हाताशी मदत आहे का. आपल्यासारख्या देशांत बँक कर्मचाऱ्यांना ज्या प्रश्नावल्या भरायला देतात त्यातल्या बऱ्याच याच चौकटीतून निघतात. मी त्यांना नावं ठेवत नाही. पण समजा अण्णांनी ती भरली. ‘उपयुक्त आहे का?’ हो. ‘सोपं आहे का?’ हो. आणि मग दुसऱ्या दिवशी काउंटरवर ‘कशाला पाहिजे ते’. कारण अण्णांना ते अ‍ॅप नुसतं वापरायचं नाही, त्याला जामीन राहायचंय.

जामीन हा शब्द मी मुद्दाम वापरला. सहकारी बँकेत जन्म गेलेल्या माणसाला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

जरा काउंटरच्या आतून बघा. कॅश शॉर्ट आली तर कॅशियर खिशातून भरतो, ही आपल्या धंद्यातली जुनी रीत. पाचशेची एक नोट जास्त गेली तर संध्याकाळी अण्णा निमूटपणे स्वतःचं पाकीट काढतात. तीस-पस्तीस वर्षं हे अंगात मुरलेलं आहे: माझ्या खिडकीतून गेलेल्या पैशाचा धनी मी. आता एका बाईने त्यांच्या शब्दावर यूपीआय घेतलं. तिने भाचीला दोन हजार पाठवले, खात्यातून वजा झाले, भाचीला पोचले नाहीत. ती कुणापुढे येऊन उभी राहील? अ‍ॅपपुढे तर उभं राहता येत नाही. ती अण्णांच्या खिडकीपुढे येणार, हातात काच तडकलेला फोन, त्यावर लाल फुलीचा स्क्रीनशॉट. आणि अण्णांना त्यांच्या स्क्रीनवर काय दिसतं? एक डेबिट एंट्री, तिच्यापुढे बारा आकडी नंबर. पैसा कुठे अडकलाय ते दिसत नाही. तुमची बँक लहान असेल तर बहुधा ती एनपीसीआयला (यूपीआय चालवणारी संस्था) थेट जोडलेली नसेल, एखाद्या मोठ्या स्पॉन्सर बँकेच्या आधाराने सब-मेंबर असेल. म्हणजे अण्णांनी मुख्य कार्यालयाच्या आयटीला फोन करायचा, आयटीने सॉफ्टवेअर कंपनीला मेल टाकायचा, त्यांनी स्पॉन्सर बँकेला विचारायचं. तोवर ती बाई खिडकीत उभी, आणि मागे पेन्शनरांची रांग. अण्णा म्हणणार, ‘उद्या या.’ तीस वर्षांत ज्यांनी कुणाला ‘उद्या या’ म्हटलं नसेल, त्यांना ते म्हणावं लागणार.

यापेक्षा ‘इथं या की, मी हाय ना’ सोपं आहे.

आणि ‘पैसे जातात’ हे त्यांचं म्हणणं चूक असलं तरी हवेतून आलेलं नाही. २०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला होऊन सुमारे ९४ कोटी रुपये गेले, तेव्हा सहकारी बँकांच्या जेवणाच्या सुट्टीत दुसरा विषय नव्हता. ग्राहकांच्या खात्यांना धक्का लागलेला नाही, असं बँकेने तेव्हाच सांगितलं होतं. पण डबा खाताना लक्षात राहतो तो आकडा.

आता तुमचा ऐंशीवाला. तुम्ही लिहिता, ‘फोन घेतो आणि दोन मिनिटांत सगळं करून हातात देतो.’ माझा एकच प्रश्न आहे. पिन कोण टाकतं?

यूपीआयचा पिन डेबिट कार्डाने लावताना कार्डाचे शेवटचे सहा आकडे लागतात, कार्डाची मुदत लागते, मोबाइलवर आलेला ओटीपी लागतो. ग्राहक समोर बसून स्वतः करत असेल तर पूर्व भागातल्या साठीच्या बाईला दोन मिनिटांत नुसता चष्मा सापडत नाही. म्हणजे हे सगळं त्या पोराच्या बोटांखालून जातंय, आणि पिनही बहुधा तोच ठरवतोय. ऐंशी जणांचा मिळून एकच असला तरी मला नवल वाटणार नाही. मुलगा चांगला असेल, मी शंका घेत नाही. पण उद्या त्यातल्या एका खात्यातून पाच हजार गेले, मग ते तिच्या नातवाने का काढलेले असेनात, तर पिन आणखी कुणाला माहीत होता हा प्रश्न आला की बोट त्याच्याकडे जाईल आणि मग तुमच्याकडे. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये रिझर्व्ह बँकेने एका मोठ्या सरकारी बँकेला तिच्या मोबाइल अ‍ॅपवर नवे ग्राहक घ्यायला मनाई केली होती. ग्राहक ज्या पद्धतीने जोडले जात होते तिच्यावरच बोट ठेवलं होतं. मनाई उठायला पुढच्या वर्षीचा मे उजाडला. एवढी मोठी बँक असून सात महिने.

त्या मुलाला असं करायला तुमच्या भिंतीवरच्या तक्त्याने शिकवलं. तेव्हा पहिलं काम तक्ता काढण्याचं. मुख्य कार्यालय विचारेल, तर सांगा की आकडे मी दर शनिवारी मेलने पाठवीन, भिंतीवर लावणार नाही. दुसरं, त्या ऐंशी जणांना आठ-दहाच्या गटाने बोलवा, चहा पाजा आणि प्रत्येकाला आपापला पिन स्वतः बदलायला लावा. तुमच्या स्टाफने त्या वेळी तोंड फिरवून उभं राहायचं. यात आठवडाभर मोडेल, मोडू द्या. तिसरं, आयटीकडून एक साधा रिपोर्ट मागवा: या ऐंशीपैकी गेल्या तीस दिवसांत स्वतःहून एक तरी व्यवहार किती जणांनी केला? तो कागद हातात आल्यावर ऐंशी आणि शून्य यांच्यातलं अंतर किती, ते तुम्हीच बघा.

मग अण्णा. चार-साडेचारला कॅश टॅली झाली, तिजोरीला किल्ल्या लागल्या, की त्यांना केबिनमध्ये बोलवू नका, तुम्ही त्यांच्या खिडकीशी जाऊन बसा. केबिनमध्ये बोलावलं की पस्तीस वर्षांच्या नोकरदाराला फक्त मेमो दिसतो. एवढंच विचारा, ‘अण्णा, मोबाइलवर पैसे अडकले म्हणून गिऱ्हाईक आलं तर तुम्ही काय करता?’ आणि गप्प बसा. ते जे सांगतील ते लिहून घ्या. त्यात मुख्य कार्यालयाला पाठवायची निम्मी टिपणी असेल.

तुमच्या हातात असलेलं सगळ्यात मोठं काम म्हणजे त्यांच्या डोक्यावरचं जामीनपण काढणं. त्यासाठी नियम आहेत, ते शाखेत कुणी वाचलेले नसतात एवढंच. रिझर्व्ह बँकेने २०१७ च्या जुलैमध्ये व्यापारी बँकांसाठी आणि डिसेंबरमध्ये सहकारी बँकांसाठी परिपत्रक काढलं. बँकेची चूक असेल तर ग्राहकावर काहीच येत नाही. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, तिसऱ्याच कुणाची असेल, आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याच्यावर शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर ठरावीक मर्यादेपर्यंत. ग्राहकाने स्वतःच पिन किंवा ओटीपी कुणाला सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. अडकलेल्या पैशाचा नियम २०१९ च्या सप्टेंबरमधला. एका माणसाने दुसऱ्याला यूपीआयने पाठवलेले पैसे वजा होऊन पोचले नाहीत, तर दुसऱ्या दिवसापर्यंत परत जमा व्हायला हवेत. त्यापुढे दिवसाला शंभर रुपये भरपाई, आणि ती ग्राहकाने मागायची वाट न बघता द्यायची. या नियमांत पुढे काही बदल झालेत का ते मुख्य कार्यालयाकडून तपासून घ्या, मग एका पानावर, मराठीत, मोठ्या अक्षरात उतरवून प्रत्येक खिडकीच्या आतल्या बाजूला चिकटवा. ‘उद्या या’ म्हणण्यात आणि ‘बाई, उद्या संध्याकाळपर्यंत नाही आले तर परवापासून बँक रोजचे शंभर देईल, हा तुमचा तक्रार नंबर’ म्हणण्यात फार फरक आहे. दुसरं वाक्य अण्णा ताठ मानेने म्हणतील.

याच्या जोडीला दोन गोष्टी मुख्य कार्यालयाकडून लेखी मागा. आयटीमधल्या एका माणसाचं नाव आणि थेट नंबर, जो शाखेचा फोन उचलेल. ‘विभागाशी संपर्क साधावा’ असलं उत्तर घेऊ नका. आणि दुसरं, रीत पाळून ग्राहक जोडलेला असेल तर पुढच्या फसवणुकीची वसुली कर्मचाऱ्याकडून होणार नाही, एवढी एक ओळ. पहिली गोष्ट मिळेल. दुसरीला टाळाटाळ होईल, कारण ती संचालक मंडळापुढे न्यावी लागेल. तुम्ही नेटाने मागत राहा. ती ओळ येईपर्यंत अण्णा चुकतायत असं मी तरी म्हणणार नाही.

एका बाबतीत मात्र कडक व्हा. ‘पैसे जातात’ हे वाक्य चालणार नाही. एकटे असताना, आवाज न चढवता सांगा: ‘अण्णा, तुम्हाला खात्री नसेल तर मॅडमना विचारा म्हणा. पण बँकेच्या खिडकीत बसून बँकेच्या सोयीला खोटं पाडायचं नाही.’ हे त्यांना पटेल. जुन्या माणसाला खिडकीची अब्रू कळते.

त्यांना दोन दिवसांच्या ट्रेनिंगला पाठवण्याच्या भानगडीत पडू नका. मी अशी ट्रेनिंगं घेतलीही आहेत आणि त्यात डुलक्याही काढल्या आहेत. आणि त्या पंचविशीतल्याला ग्राहकांसमोर अण्णांचा मास्तर तर अजिबात करू नका. उलट करून बघा. पूर्व भागात काउंटरवर तेलुगू चालतं, बँकेचं अ‍ॅप ते बोलत नाही, आणि तुमचा ऐंशीवाला बोलतो की नाही ते तुम्हालाच ठाऊक. अण्णा बोलत असणारच. चादर कारखान्यातला कामगार किंवा विडी वळणारी बाई पासबुक पिशवीतून काढता काढता तेलुगूत जे विचारते, त्याचं उत्तर त्या खिडकीतच मिळतं. तेव्हा फोन त्या मुलाने हाताळू द्या आणि बोलणं अण्णांचं असू द्या. सुरुवातही पैसे पाठवण्यापासून नको. खात्याला लावलेला मोबाइल नंबर बरोबर आहे का, एसएमएस येतो का, शिल्लक कशी बघायची, फार तर लाइट बिल. यात कुणाचा पैसा वाऱ्यावर जात नाही. साधा बटणांचा फोन असेल त्यांच्यासाठी २०२२ च्या मार्चपासून यूपीआय १२३पे आहे. तुमच्या बँकेला ती सोय मिळते का, विचारून ठेवा.

जाता जाता, तुमच्या पिग्मी एजंटांना विसरू नका. केनियात २००७ साली मोबाइलवरून पैसे पाठवायची एम-पेसा सुरू झाली, ती गल्लीबोळातल्या दुकानदारांच्या हातून पसरली, कारण अडलं तर जाऊन विचारायला एक ओळखीचा माणूस होता. तुमच्याकडे तो माणूस रोज संध्याकाळी दारोदार फिरून दहा-वीस रुपये गोळा करतोच आहे. पण त्यालाही आधी ती वसुलीची ओळ दाखवावी लागेल. त्याची भीती अण्णांपेक्षा मोठी असते, पगार नसतो ना त्याला.

चौदा महिने उरलेत, मेहनत फुकट जाईल का, असं तुमच्या मनात दिसतंय. तसं धरू नका. बाकीच्या स्टाफचा सूर अण्णांमुळे बिघडतोय असं तुम्ही लिहिलंत. म्हणजे त्यांचा शब्द शाखेत चालतो. तेवढं वजन तुम्हाला तीन महिन्यांत मिळालेलं नाही, चौदा महिन्यांतही मिळणार नाही. वाईट वाटून घेऊ नका, मलाही मिळालं नव्हतं. आणि अण्णांनी शेवटपर्यंत एकही ग्राहक जोडला नाही, फक्त अडलेल्याला नीट उत्तर दिलं, तरी मी ते चालवून घेईन. वरून कुणी विचारलं तर अशा अडलेल्यांच्या तक्रारी ज्यात नोंदवता तो रजिस्टर पुढे करा.

तक्ता काढल्यावर भिंतीवर चिकटपट्टीचे चार डाग राहतील. तिथे एक कागद लावा: पैसे गेले तर लगेच १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन करा, मग शाखेत या, पिन बँकेतल्या माणसालाही सांगू नका. मराठीत लिहा आणि खाली तेलुगूत. तेलुगू मजकूर अण्णांकडून घ्या. त्यांना तेलुगू लिपी येत नसेल (आपल्याकडे तेलुगू बोलणारे पुष्कळ, लिहिणारे थोडे) तर देवनागरीतच लिहू द्या. वाचणाऱ्यांचीही तीच गत आहे.